चाळीसपैकी शून्य

"शून्य? चाळीसपैकी शून्य?" जाड्या एवढ्या जोरात ओरडला, की नर्सिंग शाळेच्या कचेरीतल्या सगळ्या माना वळल्या.

ताई खिडकीशी पांढरीफटक पडून उभी होती. नर्स व्हायचं म्हणून तिने वर्षभर इंग्रजी घोकलं होतं आणि प्रवेशाची यादी आज दुपारीच लागणार होती! तिची धाकटी बहीण चष्मिस आणि सुट्टीला आलेली मावसभावंडं, जाड्या आणि चिमणी, मोठ्या ऐटीत निकाल ऐकायला आली होती. आता तिघांच्याही तोंडचं पाणी पळालं.

चष्मिसने ताईच्या हातातली उत्तरपत्रिका ओढून घेतली. "ताई, 'द टायर्ड नर्स स्लेप्ट साउंडली.' यातलं 'टायर्ड'?"

"विशेषण. अर्थ, दमलेली."

"'साउंडली'?"

"क्रियाविशेषण. गाढ." ताईचे डोळे भरून आले. "त्याच उत्तरांच्या गोलांत खुणा केल्यात गं मी!"

"आमचा तपासायचा भोकांचा पुठ्ठा चुकत नाही," खिडकीमागचे कारकून कानात काडी घालत म्हणाले. "उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकात खूण दिसली की एक गुण. नाही दिसली, राम म्हणा!"

चष्मिस जाड्याच्या कानाशी लागली. "प्रत्येक वाक्याला चार गोल. तू डोळे मिटून खुणा केल्यास तर?"

"दहाएक तरी बरोबर येतील! माझा नेहमीचाच अनुभव आहे."

"मग एकही बरोबर नाही, हे कसं?"

जाड्याने चुटकी वाजवली. "त्या पुठ्ठ्यातच गडबड आहे!"

चिमणीने लगेच लाडिक आवाज काढला. "काका, पुठ्ठा कसा ठेवतात ते दाखवा ना! तुमच्यासारखं कुणालाच जमत नसेल!"

कारकून खुलले. त्यांनी भोकाभोकांचा पुठ्ठा ताईच्या उत्तरपत्रिकेवर टेचात ठेवला. चिमणीने त्यावरून बोट फिरवलं आणि ती किंचाळली, "कडा खरखरीत आहेत! आमच्या वहीत भोक पाडलं की कागद मागच्या बाजूला फाटतो. काका, तुम्ही पुठ्ठा पालथा ठेवलाय!"

"पालथा? छे! एक कोपरा तुटका होता, तर मी स्वतः तुकडा चिकटवून नीट केला!"

"काय केलंत?" आतून मुख्याध्यापिका धावतच आल्या. "अहो, तो कोपरा मुद्दाम कापला होता! पुठ्ठा उलटा ठेवला जाऊ नये म्हणून!"

कारकुनांच्या कानातली काडी गळून पडली. मुख्याध्यापिकांनी पुठ्ठा सुलटा केला. पहिल्या भोकात खूण. दुसऱ्यात खूण. मुलं श्वास रोखून मोजत होती. एकोणचाळीस!

"ताई!" चष्मिसने तिला घट्ट मिठी मारली. पण ताई हसली नाही. "बाई, कोपरा चिकटवल्यानंतर आणखी किती पेपर तपासले?"

कारकून पुटपुटले, "बावीस. सगळ्या मुली नापास. आताच... आताच कळवून टाकलंय त्यांना."

बावीस मुली!

"यादी थांबवा!" मुख्याध्यापिका कडाडल्या. मग मुलांकडे वळल्या. "शाबास रे! आम्ही मोठी माणसं पुठ्ठ्यावर विसंबलो, तुम्ही पोरीवर विश्वास ठेवलात."

त्यांनी बावीसही पेपर पुन्हा तपासले आणि पहिला फोन स्वतः लावला. "हॅलो? बाळ, चूक आमची झाली. तू पास आहेस."

पलीकडून एक हुंदका ऐकू आला. मुख्याध्यापिकांनी फोन ताईच्या हातात दिला. "तूच बोल तिच्याशी. उद्यापासून तुम्ही एकाच वर्गात आहात."