खांद्याच्या हाडातला हिवाळा

हिवाळा कसा जाणार हे कळायचे कोश-बुलाकमध्ये दोनच मार्ग होते: राजधानीचा रेडिओ आणि गावातले वडीलधारे सुयुन आके. रेडिओ अधूनमधून बरोबर निघायचा, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता. सुयुन आके मात्र न चुकता चुकायचे, आणि अख्खं गाव त्यांच्यावर चालायचं.

थंडीच्या तोंडावर पहिला मेंढा कापला की त्याचं खांद्याचं हाड आकेंच्या हातात यायचं. दात लावायचा नाही, सुरी लावायची नाही, बोटांनीच मांस सोडवायचं आणि चपटं हाड उजेडासमोर धरायचं. आके म्हणाले "यंदा कडक", की लोक त्याचा अर्थ सौम्य असा धरून हसत कळप घेऊन वर कारा-ओयच्या खोऱ्यात हिवाळा काढायला जात. तिथे वारा बर्फ टिकू देत नाही, गवत उघडं राहतं. आके म्हणाले "सौम्य", की सगळे निमूट गावातच थांबत आणि वाळलेलं गवत रचायला घेत. गावाचा एक कळप म्हणून कधी मेला नाही. त्याचं श्रेय आकेंना कुणी दिलं असेल तर शपथ! त्यांची बायको बुरुल तर म्हणायची, "अहो, एकदा ते हाड उलटं धरून बघा ना."

यंदाचा पहिला मेंढा आकेंच्या जावयानं, एर्मेकनं कापला. त्याला वर जायची घाई झाली होती. आइमानला, म्हणजे आकेंच्या लेकीला, आणि अंगावर पिणाऱ्या बाळालाही तो बरोबर नेणार होता.

आकेंनी हाड उजेडाकडे धरलं. एरवी ते अंदाजानंच ठोकून द्यायचे. आज अंदाजाची गरजच नव्हती. हाड म्हणजे त्यांना मुलखाचा नकाशाच: वरच्या कोपऱ्यात, डोंगरमाथ्याच्या जागी, काळा डाग होता आणि तिथून खाली ठिपके उतरत होते, जोडीजोडीनं, कुणी चालत यावं तसे. हाड नुकतंच उकळत्या पातेल्यातून काढलेलं, पण बोटांना गार लागत होतं.

खरं सांगावं, म्हणजे "कडक", तर सगळे उद्याच वर जाणार. आके हाडाकडे बघत राहिले.

"सौम्य," ते म्हणाले.

"मेलो!" एर्मेकनं कपाळाला हात लावला. "बाबा म्हणतात सौम्य. चला, गवत रचा रे."

लोक पोट धरून हसले आणि थांबले. आकेंना हायसं वाटलं आणि अपमानही तेवढाच झाला. त्या गडबडीत बघून झालेलं हाड मोडायचं राहिलं, ते त्यांनी कोटाच्या खिशात सरकवलं. बघून झालेलं हाड अखंड ठेवलं, की त्यात दिसलेलं त्याचा माग काढत येतं, हे तिथल्या पोरांनाही ठाऊक असतं.

पुढे एका लग्नात मेंढा कापला गेला. त्याच्या हाडात ठिपके कारा-ओयपर्यंत आले होते. मग कुणाकडे बारसं निघालं. त्या हाडात ठिपके खोऱ्यातच गोल गोल फिरत होते, काही हरवलं असावं तसे. त्यानंतर आकेंनी मटणच सोडलं. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि घरोघरी शेवयांची पेज ओरपत बसले. कोश-बुलाकचा माणूस मटणाला नाही म्हणतो, यावर गावानं महिनाभर करमणूक करून घेतली.

मग एक शिकारी वरून आला. तो सांगत होता, कारा-ओयला आधी बर्फ वितळलं, मग पुन्हा गोठलं, गवतावर काचेसारखा थर बसलाय. कळप असता तर एक जनावर वाचलं नसतं. आणि झोपड्यांची दारं सताड उघडी आहेत. सगळ्याच झोपड्यांची.

"बघा, आकेंच्या चुकीनं वाचलो," लोक म्हणाले.

हे मात्र आकेंना सहन झालं नाही. घरी येऊन त्यांनी बुरुलला सगळं सांगून टाकलं: खरं काय दिसलं, खोटं का बोलले. बुरुलच्या तोंडात तीळ भिजत नसे, तरी सांगितलं. कुणातरी एकाला आपण हुशार वाटायला नको?

दोन दिवसांनी दुपारी ते एर्मेककडे बाळाला खेळवून परतले. गावात लख्ख ऊन होतं. दारात बुरुल फार खुशीत उभी होती.

"पाहुणा आलाय. कारा-ओयहून."

"तिथे कुणी नाही."

"तेच म्हणत होता. घर न् घर पाहिलं म्हणे, कुणीच नाही. लोकांना कुणी अडवलं, असं विचारत होता. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी. गावाला नाही तर नाही, पाहुण्याला तरी तुमची हुशारी कळू दे."

आकेंचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. अखंड हाड तिथेच होतं.

"मग?"

"कळप कुणाकुणाकडे आहेत ते विचारलं. मी म्हटलं, आधी चहा घ्या."

जमिनीवर ओल्या पावलांच्या जोड्या आत गेल्या होत्या. चूल धडधडत होती, तरी त्या वाळत नव्हत्या.

एर्मेकचं घर हाकेच्या अंतरावर होतं.

आकेंना भीती वाटली. पण यजमानानं निरोप दिल्याशिवाय पाहुणा उठत नाही, ही रीत त्यालाही लागू असावी, एवढा एकच अंदाज त्यांना सुचला.

ते आत गेले आणि पाठीमागे दार लावून घेतलं.

"बुरुल," ते म्हणाले, "चहा आण. पाहुणे हिवाळाभर राहतील."

त्या वर्षी कोश-बुलाकला हिवाळा खरंच सौम्य गेला. आके जन्मात पहिल्यांदा बरोबर निघाले आणि गाव पार गोंधळून गेलं. आता सगळीकडे गुडघाभर गवत आहे, आइमानचं बाळ अंगणात रांगतंय. एर्मेक परवा दारात येऊन विचारत होता, बाबा, येत्या हिवाळ्याचं काय? आकेंनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"हळू बोल," ते म्हणाले.

त्यांच्या धुराड्यातून अजून धूर निघतो. बुरुल अजून तीन वाट्या मांडते, आणि तिसरीतला चहा तिला रोज सकाळी सुरीनं फोडून काढावा लागतो.