पिल्लू घरट्यातच

पर्जन्यमापक वाचायला ती पंपघराच्या गच्चीवर गेली, तर तिथे एक अनोळखी माणूस पालथा पडलेला. तिने दबकत हाक मारली.

“अहो… ऐकताय ना?”

“श्श. मासा आणलाय.”

माणूस जिवंत होता. दुर्बिणीला डोळा लावून पडला होता. धरणाच्या तळ्यापलीकडच्या उंच झाडावर मत्स्यगरुडांचं घरटं होतं. परवानगीचं पत्र त्याने न उठताच मागे हात करून दिलं. “पाणी तपासणाऱ्या बाई ना? आमच्या गरुडांना मासे मिळतात ते तुमच्याच कृपेने.”

“खुशामत पक्ष्यांची करा. माझी नको.”

तरी आठवड्याभरात त्याची वही तिच्या हाती आली. दुपारी तो दुसरं घरटं पाहायला जाई, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत नोंदी ती करायची. नियम एकच — दिसलं तेवढंच लिहायचं. मादी आली, मासा ठेवला, पिल्लाने पंख झोडले, बस. तिने ‘बिचारं’ लिहिलं की तो खोडायचा.

“पिल्लू उडालं की संपलं का काम?” तिने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

“घरटं रिकामं झालं की बाडबिस्तरा आवरायचा.”

मंगळवारी पिल्लू फांदीच्या टोकाशी आलं, दोनदा कचरलं, आणि… वाऱ्यावर निघून गेलं. तिने लिहिलं — ‘पिल्लू घरट्यातच.’ बुधवारी सकाळी त्याच्यासमोर जायचा धीर झाला नाही. दुपारी घरटं रिकामं दिसलं, तरी पुन्हा तेच लिहिलं. ज्या हाताने ती सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्याचे आकडे लिहायची, त्याच हाताने.

“पाण्यात जंतूबिंतू निघाले का गं?” घरी आईने विचारलं. “तोंड का असं?”

गुरुवारी सकाळीच ती गच्चीवर गेली.

“मी खोटं लिहिलं. पिल्लू मंगळवारीच उडालं. एक वाजून दहा मिनिटांनी.”

त्याने वही पुढे केली. “तुमच्याच हाताने दुरुस्त करा. खाली सही.”

तिने केली.

“आता बघा इथून.”

घरट्यात पिल्लू ऐटीत बसून मासा ओरबाडत होतं.

“पण ते तर…”

“उडालं म्हणून लगेच घर सुटतं होय? अजून महिना-दोन महिने आयतं खायला येईल. मी कुठे चाललो होतो?”

तिच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की तिला चक्क हसूच फुटलं.

“का लपवलंत?” त्याने हळूच विचारलं.

“अंदाज असेलच की तुम्हाला.”

“अंदाज आपण लिहीत नाही.”

“बरं. मग मला सांगा, धरणाच्या भिंतीवरून घरटं अगदी समोर दिसतं म्हणे. पंपवाले काका सांगत होते. मग तुम्ही इतके दिवस या तापल्या गच्चीवर पालथे का?”

त्याने दुर्बिणीची काच पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

“तिथून घरटं दिसतं… तुमच्या प्रयोगशाळेची खिडकी नाही दिसत.”

तिने वही ओढली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं — ‘नऊ चाळीस. निरीक्षकाचे कान लाल.’

त्याने वाचलं. या वेळी काही खोडलं नाही.