सोबेईच्या वाटीतला भात

विलायती तोफा आल्या, विलायती बॉयलर आले, तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. योकोसुकाच्या बंदरात आमच्या जपानी लढाऊ जहाजावर जवाची पोती चढली, तेव्हा मात्र सगळे खलाशी माझ्यावर, म्हणजे आचाऱ्यावर, तुटून पडले. "तोमेकाका, जव घातलेला भात? आम्ही काय तुरुंगातले कैदी?"

वरून हुकूम होता. आदल्या सफरीत निम्मे लोक पाय सुजून पडले होते. बेरीबेरी. नुसता पांढरा भात खाऊन हे होतं, असं नव्या डॉक्टरांचं मत. तोफेवरचा सोबेई त्यातच गेला. त्याचा धाकटा भाऊ गिन्झो आता बॉयलरपाशी कोळसा ओढायचा. दादाच्या नावाने वाटीभर तरी पांढरा भात ठेवा, म्हणून तो माझ्यापुढे कमरेत वाकला. मेलेल्याला कुठली बेरीबेरी? तांदळाचं एक जुनं पोतं उरलं होतं, त्यातलं शिजवून मी रोज सोबेईच्या नावाने वाटी मांडू लागलो. वाटी रोज रिकामी व्हायची. असतील शितं तर जमतील भुतं. उंदीर असतील, म्हटलं.

भर समुद्रात गिन्झोचे पाय सुजले. नडगीवर अंगठा दाबला, तर खळगा भरून येईना. मी खवळलो. "दादाचा भात चोरून खातोस होय रे, गाढवा?"

"चोरून नाही..." तो खाली बघत म्हणाला. "दादा भरवतो. एवढ्या मायेने भरवतो, काका... नाही कसं म्हणू?"

तापात बरळतोय, असं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी वाटीत जव मिसळले. दुपारी पाहतो, तर पांढरा भात गायब आणि जवाचा दाणा न् दाणा निवडून काठाला लावलेला. गिन्झो तर आजाऱ्यांच्या खोलीत होता. त्याला उठवतही नव्हतं.

मग मी वाटीच उचलली. उरलेलं पोतं समुद्रात ओतलं. जहाजावर पांढऱ्या तांदळाचा दाणा राहिला नाही. वाटीच्या रिकाम्या जागेपुढे हात जोडले. "सोबेई, पोराला जगू दे रे. पुरे तुझी माया." बोलता बोलता मला रडू फुटलं.

संध्याकाळी जवाची पेज घेऊन गेलो. गिन्झोने मान फिरवली.

"पोट भरलंय, काका..."

"कशाने?"

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढऱ्या भाताचं एक शीत चिकटलं होतं. पुसायला बोट लावलं. गरम होतं.