गाठ मारलेलं पाकीट

"किती माणसांसाठी हवंय?" दुकानवाल्या काकूंनी विचारलं.

"तिघांसाठी," बाबा म्हणाले.

लेकीने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. सहलीला जाणार होते दोघंच, बाबा आणि ती. पण दुकानात, लोकांसमोर बापाला काय टोकायचं, म्हणून ती गप्प बसली. काकूंनी काउंटरवर प्रथमोपचाराच्या तीन पेट्या मांडल्या. एक लाल कापडी पिशवी, गाडीत ठेवायला. एक कडक प्लास्टिकची. एक पाठीवर अडकवायची, तंबू घेऊन हिंडणाऱ्यांसाठी.

बाबांनी लाल पिशवीची चेन उघडली, आत बोट घालून चाळवाचाळव केली आणि नाक मुरडलं. "शंभर वस्तू म्हणे! त्यातल्या ऐंशी तर बोटाच्या पट्ट्या. बोट कापलं तर चंगळ, पाय मुरगळला तर बसा बोंबलत."

"मग ही दुसरी घ्या ना."

"हिच्यात कात्री आहे की खेळणं? आणि हा पट्ट्यांचा गोंद? गाडी उन्हात उभी राहिली की चार दिवसांत वितळेल सगळा. आमच्या हिने असला माल दारात उभा केला नसता."

ही म्हणजे आई. आई एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. यंत्रात सापडलेली बोटं, भाजलेले हात, डोळ्यात उडालेला भुसा, असल्या गोष्टींत तिची सगळी नोकरी गेली. साहजिकच घरच्या गाडीतला औषधांचा डबा म्हणजे तिचं राज्य. दर हिवाळ्यात ती आणि बाबा तंबू घेऊन निघायचे, तेव्हा स्वयंपाकाचं सामान एक वेळ विसरेल, पण तो पत्र्याचा पांढरा डबा पुढच्या सीटखाली, हाताला लागेल असाच असायचा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत, भर दुपारी, ती तलावावर पाणी आणायला गेली आणि परत आली नाही. भरलेला कॅन काठावर सापडला, झाकण घट्ट लावलेलं. बाकी काही नाही.

शेवटी बाबांनी तयार पेटी घेतलीच नाही. एकेक वस्तू सुटी निवडली. क्रेप बँडेज, जखमेवर दाबून धरायच्या जाड घड्या, हात गळ्यात अडकवायचं त्रिकोणी फडकं, भाजल्यावरचं मलम, साखर-मिठाची पाकिटं, चिमटा, खरीखुरी कात्री आणि अंगाची ऊब धरून ठेवणारं चंदेरी पांघरूण.

"काका, सहलीला निघालात की लढाईला?" काकू हसल्या. मग पिशवी भरता भरता सहज म्हणाल्या, "अहो, क्रेप बँडेज गेल्या महिन्यातच तर नेलंत की. त्याच्याआधीही नेलंत. घरात कोण एवढं धडपडतं?"

बाबा खिशात किल्ली शोधू लागले. किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातातच होती.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासायच्या, नंबर तपासायचा, फ्रेममध्ये बसवायच्या. काच केसभर तिरकी बसली तरी तिला चैन पडायचं नाही. तिला बाबांच्या हातावर, पायावर, कपाळावर कुठे साधा ओरखडाही दिसला नव्हता. तेव्हा बँडेजं जातात कुठे, हा प्रश्न दुकानातून बाहेर पडल्यापासून तिच्या डोक्यात घोंगावायला लागला.

बाबांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. गाड्यांच्या सीटा शिवायचं काम. भिंतीला टेकलेले फोमचे गठ्ठे, रेक्झिनची गुंडाळी, गोंदाचा उग्र वास आणि मधोमध ते अगडबंब शिलाई मशीन. मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गाडी उभी होती. आई गेल्यापासून ती एकदाही रस्त्यावर आली नव्हती.

"बाबा, काय चाललंय तुमचं?" तिने दार लोटलं आणि सरळ विचारलं.

बाबांनी थोडा वेळ आढेवेढे घेतले. मग मशीनखालचा खण ओढला. खणात रिकामी पाकिटं होती, बँडेजची, पट्ट्यांची, मलमाच्या पुड्यांची. प्रत्येक पाकिटाची लांबट घडी घातलेली आणि मधे एक सैल गाठ.

ती गाठ ती ओळखत होती. आईची दवाखान्यातली सवय. वस्तू वापरली की पाकीट फेकायचं नाही, घडी घालून गाठ मारून डब्यातच ठेवायचं, म्हणजे डबा भरताना काय संपलंय ते बिनचूक कळतं. लेकीला ते लहानपणीच शिकवलं होतं. बाबांना मात्र उभ्या जन्मात जमलं नाही. ते पाकीट चोळामोळा करून गोळा डब्यात टाकायचे, आणि मग आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

"डबा उघडला की सापडतात," बाबा म्हणाले. "पहिल्यांदा वाटलं, जुनं असेल. मी आपला डबा भरून ठेवला. पंधरवड्याने पाहतो तर पुन्हा."

"तुम्हीच वापरत असाल आणि विसरत असाल."

"मी गाठ मारतो का कधी?"

तिने एक गाठ बोटांनी चाचपून पाहिली.

"मी चिठ्ठी ठेवून पाहिली," बाबा खाली मान घालून सांगत होते. "तशीच राहिली. तिच्या आवडीच्या आल्याच्या गोळ्या ठेवल्या, त्यांनाही हात नाही. डब्यात औषधाशिवाय काही ठेवायचं नाही, हा तिचा नियम. तिथेसुद्धा शिस्त बघ!" ते हसले आणि लगेच त्यांचे डोळे भरून आले. "ठकू, आधी बोटाच्या पट्ट्या जायच्या. मग घोट्याला बांधायचं बँडेज. आता त्या जाड घड्या जायला लागल्यात, रक्त थांबवायच्या. तिला काहीतरी मोठं लागलंय. आणि मी इथे लोकांच्या गाड्यांच्या सीटा शिवत बसलोय."

तिने त्यांना समजावलं नाही. समजावून उपयोग नव्हता. काच तपासावी तसं हेही तपासायचं, असं तिने ठरवलं. नवा माल डब्यात नीट लावला, रिकामं पाकीट एकही नाही याची दोनदा खात्री केली. झाकणावर चिकटपट्टी लावली आणि काचेवर खूण करतात त्या पेनाने पट्टीवरून डब्यावर एक बारीक रेघ ओढली. गाडीला कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या आपल्या पर्समध्ये टाकल्या आणि बाबांना आपल्या घरी झोपायला घेऊन गेली.

सकाळी दोघं परत आले. कुलूप लागलेलं. चिकटपट्टी जागच्या जागी, रेघेला रेघ तंतोतंत जुळलेली. तिने पट्टी सोलून झाकण उघडलं.

सगळ्यात वर एक पाकीट होतं. जाड घडीचं. गाठ मारलेलं.

"माझ्याच नजरेतून सुटलं असेल," ती म्हणाली. ते पाकीट तिने हातात घेतलं आणि तिला एकदम वाटलं, नाकाला लावून बघावं, आईच्या हाताचा वास येतो का. दोन वर्षं तिने स्वतःला रडू दिलं नव्हतं. आता त्या एवढ्याशा प्लास्टिकच्या गाठीपुढे तिचा सगळा शहाणपणा गळून पडला. आई हवी होती तिला. कशीही, कुठूनही.

"शनिवारी निघू," ती म्हणाली. "पण माझ्या नजरेआड व्हायचं नाही. पाण्याकडे तर फिरकायचंच नाही. कबूल?"

"कबूल, कबूल. आईवर गेलीयेस अगदी."

तलाव होता तसाच होता. खडकाळ काठ, मधेमधे खुरटी झुडपं, पलीकडे एका कुटुंबाचा निळा तंबू आणि त्यांच्या पोरांचा चेंडूचा खेळ. भीती वाटावी असं तिथे काहीही नव्हतं. ऊन स्वच्छ पडलेलं. पाणी इतकं संथ की काठावरचे दगड खाली उलटे दिसत होते.

तंबूचा एक पट्टा उसवला होता. बाबांनी सवयीने दाभण काढलं आणि टाके घालता घालता अंगठ्यात खुपसून घेतलं. चांगलं रक्त आलं.

"थांबा, पट्टी लावते."

"राहू दे गं. बांधेल ती."

"बाबा!"

"अगं, गंमत केली." पण त्यांनी अंगठा पुढे केला नाही. नुसता तोंडात धरला. तिला त्यांचा रागही आला आणि कीवही आली. आयुष्यभर या माणसाने आईशिवाय कोणाकडून साधी पट्टीसुद्धा बांधून घेतली नव्हती.

दुपारी चहाला पाणी हवं होतं. कॅन रिकामा होता. बाबा उठायला लागले तशी तिने त्यांना दरडावून खाली बसवलं, गाडीच्या पायरीवर. डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हलायचं नाही इथून. आणि बोलत राहायचं, मोठ्याने. माझी पाठ असेल तुमच्याकडे, मला आवाज ऐकू यायला हवा."

"काय बोलू?"

"काहीही. आईचं बोला."

काठ हाकेच्या अंतरावर होता. ती खाली वाकली, कॅन तिरका करून पाण्यात धरला. पाठीमागून बाबांचा आवाज येत होता. लग्नानंतरची पहिली सहल. स्टोव्ह पेटेना. आईने फुंकर मारली आणि भुवई जळाली.

कॅन भरत होता.

"तर मी मलम लावलं," बाबा सांगत होते, "आणि ती पुडी टाकली चोळून. झालं! भुवई जळलेली बाई, ती मला शिकवतेय घडी कशी घालायची. मी म्हटलं, बाईसाहेब, आपण काय दवाखान्यात..."

तिला हसू आलं. झाकण लावत ती वळली.

पायरी रिकामी होती.

डबा पायरीवर होता, बंद. पलीकडची पोरं चेंडू खेळत होती.

"बाबा?"

गाडीत नव्हते. तंबूत नव्हते. गाडीखालीसुद्धा तिने वाकून पाहिलं. झुडपं गुडघ्याएवढी, त्यांत मांजर लपलं नसतं.

निळ्या तंबूतली बाई धावत आली. "काय झालं हो?"

"माझे वडील. आत्ता बोलत होते. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं की. पायरीवर बसले होते." बाई घुटमळली. "म्हणजे, दोघं बसले होते ना?"

पुढे सगळं झालं, जे आईच्या वेळी झालं होतं. होड्या आल्या, पाणबुडे आले, पोलिसांच्या साहेबांनी तेच ते प्रश्न विचारले. निळ्या तंबूतल्या बाईने नंतर सांगितलं की तिने दुरून पाहिलं होतं, तिला नक्की काही आठवत नाही. तलावाने काहीच दिलं नाही. लेकीने गाडी परत आणली, ताडपत्रीखाली उभी केली आणि कामावर जायला लागली. सहकारी तिच्याशी दबक्या आवाजात बोलत. ती काचा घासत राही. घरी आली की बापाच्या त्या अर्धवट वाक्याचा पुढचा भाग मनात जुळवत बसे.

डबा उघडायचं धाडस तिला कितीतरी दिवस झालं नाही. उघडला आणि आत काहीच नसलं तर? ती भीती मोठी होती. शेवटी एका रविवारी सकाळी ती गाडीत बसली, डबा मांडीवर घेतला आणि डोळे मिटून झाकण उचललं.

दोन पाकिटं होती.

एक बोटाच्या पट्टीचं, लहानसं. घडी घालून, गाठ मारून. बाबांचा अंगठा बांधून झाला होता.

दुसरं क्रेप बँडेजचं. चोळामोळा करून टाकलेला गोळा.

ती हसली. मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिला जे रडू फुटलं ते आवरेना. म्हणजे बाबांनी आईचा पाय बांधला होता. आणि तिथेही शिस्त ती लागली नव्हतीच. त्या दोघांमधे कोणीतरी बोलणी खात होतं आणि कोणीतरी बोलणी सुनावत होतं, आणि ते ऐकायला ती तिथे नव्हती. इतकी एकटी ती कधीच पडली नव्हती.

जरा शांत झाल्यावर तिने तो गोळा मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केला. आईने शिकवलं होतं तशी लांबट घडी घातली, मधे सैल गाठ मारली आणि दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी डब्यात ठेवली. झाकणावर चिकटपट्टी लावली. रेघ ओढली. गाडीला कुलूप लावून ती औषधांच्या दुकानात गेली.

काकूंना सगळं कळलेलं होतं. त्या काही विचारत नव्हत्या. जाड घड्या, क्रेप बँडेज, मलम, एकेक वस्तू मुकाट्याने पुढे ठेवत होत्या. पिशवी उघडताना मात्र सवयीने तोंडातून गेलंच.

"किती माणसांसाठी?" आणि त्यांनी जीभ चावली.

"तिघांसाठी," ती म्हणाली. "आणि काकू, पाण्याचा एक कॅनही द्या. आमचा गळतोय."

ती परत आली तेव्हा अंगणात ऊन आलं होतं. कुलूप लागलेलं होतं. चिकटपट्टी जशीच्या तशी, रेघेला रेघ जुळलेली. तिने ती सोलली आणि नवं सामान भरायला झाकण उघडलं.

लहान पाकिटाची गाठ तशीच होती. मोठ्याची सुटलेली होती. कोणीतरी त्याचा पुन्हा चोळामोळा केला होता.

तिने तो गोळा तळहातावर घेतला. तो अजून चुरचुरत होता, आणि हळूहळू उलगडत होता, मुठीतून नुकताच सुटल्यासारखा.