शून्यावरचे दोन सेकंद

धारेवाडीच्या हायस्कुलात नववीच्या वर्गाने त्या सोमवारी मनगटं मोकळी केली होती. तेवीस मनगटांवर पांढरी पडलेली कातडी, आणि शेलार बाईंच्या टेबलावर तेवीस चालपट्टे. चालपट्टा काढायचा म्हणजे मुलांना दात काढल्यासारखं वाटे. हजेरी त्यावर, बसचं तिकीट त्यावर, आईची हाकही त्यावरच यायची. पण बाईंना त्याचं दुसरंच काम हवं होतं. अंगाला बसणारा प्रत्येक धक्का, हिसका, झोका तो टिपून ठेवायचा आणि मागितला की त्याचा आलेख काढून द्यायचा.

वरच्या मजल्याच्या गॅलरीतून एकेक पट्टा खाली सोडायचा, आणि चार मुलींनी ताणून धरलेल्या घोंगडीत तो झेलायचा, असा प्रयोग होता. टेबलावर निवांत पडलेला पट्टा आलेखात एक हा आकडा दाखवायचा, कारण टेबल त्याला खालून उचलून धरत असे. हातातून सुटला की आलेखाची रेघ एकदम शून्यावर यायची. घोंगडीत पडला की उसळी, आणि पुन्हा एक.

"म्हणजे पडताना त्याला काहीच वाटत नाही?" शिवन्या येडगेने विचारलं.

"धरणारं कुणी नसतं ना तेव्हा," बाई म्हणाल्या. "पट्टा वजन मोजत नाही. आपल्याला कुणीतरी धरलंय, एवढंच तो मोजतो."

केतकी शेलारांची ही नोकरीतली दुसरी शाळा. पठारावरच्या मुलांना गतीचे नियम फळ्यावरून शिकवण्यात अर्थ नाही हे त्यांना पहिल्याच महिन्यात उमगलं होतं. ही मुलं उतारावरून मेंढरांमागे धावत मोठी झालेली. वेग म्हणजे काय ते त्यांच्या पायांना आधीच ठाऊक होतं. फक्त त्याला आकडा लावायचा होता. म्हणून त्यांनी गृहपाठ दिला. घरातल्या कुणाच्याही चालपट्ट्याचा मिनिटभराचा आलेख आणायचा, कसला आहे ते सांगायचं नाही. वर्गाने ओळखायचं.

बुधवारी वर्गात जत्रा भरल्यासारखा कालवा होता. गतिरोधकांवरून गेलेली मोटारसायकल पोरांनी चुटकीसरशी ओळखली. एकाने बकरीच्या पायाला पट्टा बांधला होता. ती बकरी आहे की हेडसर, यावर बरीच थट्टा झाली. शिवन्याच्या आलेखाने मात्र सगळ्यांना अडवलं. एक, मग जोराची उसळी, मग इवलंसं शून्य, पुन्हा उसळी. असं सात वेळा. शेवटी तिनेच न राहवून सांगितलं की तिच्या अजिंक्यदादाने आपल्या दहा महिन्यांच्या पोरीला पट्टा बांधून वर उडवली आणि झेलली. त्या इवल्या शून्यात ती खिदळते म्हणे. वर्ग हसला. बाईंनी त्याचंही गणित करून घेतलं. शून्याचा काळ घ्या, अर्धा करा, कारण अर्धा वेळ पोरगी वर जातेय. मग अर्धा गुणिले त्वरण गुणिले काळाचा वर्ग. उत्तर निघालं, वीतभर. "तरी वहिनी ओरडते," शिवन्या म्हणाली.

मग ओवी झोरे उठली. ओवी तशी अबोल. दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील गेल्यापासून जास्तच. तिने आपण होऊन हात वर केला म्हणून बाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी तिचा आलेख घाईघाईने भिंतीवर लावला.

सुरुवातीला एकसारखी लय होती. उसळी, विराम, उसळी, विराम. कुणीतरी म्हणालं जिना, कुणी म्हणालं शिडी; शिडीच ठरली. मध्ये दम खाल्लेला दिसत होता. मग रेघ शून्यावर आली आणि तिथेच राहिली. नंतर एक उसळी, पडद्याच्या वरच्या कडेत घुसलेली. आणि त्यानंतर सरळ, शांत एक.

"शून्य आलं तिथं पट्टा काढून ठेवला," मागून कुणी म्हणालं.

"येडा का," शिवन्या म्हणाली. "काढून ठेवला असता तर एक दाखवला असता. हा पडलाय."

"बरोबर," बाई म्हणाल्या, आणि खडू उचलला. "शून्य किती वेळ?"

दोन सेकंद. सुरुवातीचा वेग शून्य. त्वरण दहा धरा. मुलं जोरात सांगत होती आणि बाई लिहीत होत्या. अर्धा गुणिले दहा गुणिले चार. वीस मीटर. आपल्या उत्तरावर खूश होऊन त्यांनी खाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, की धारेवाडीत वीस मीटर उंच काय आहे.

माना खिडकीकडे वळल्या. वाऱ्याच्या मारामुळे या पठारावर झाड कधी दोन पुरुषांच्या वर वाढलंच नाही. खिडकीबाहेर पवनचक्क्यांचे मनोरे तेवढे उभे होते.

बाईंच्या हातातला खडू तसाच राहिला. मुलांना आपल्या आधी कळलं होतं, हे त्यांना त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं.

"पप्पांचा आहे," ओवी म्हणाली. "पवनचक्कीच्या कंपनीने आईला दिला होता, ते पडले त्याच्या अहवालासोबत. मला नीट वाचता येत नव्हतं. परवा घोंगडीचा प्रयोग झाला, तेव्हा वाचता आला."

अहवाल तिच्या दप्तरात होता. मधल्या सुट्टीत बाईंनी तो वाचला. तो लिहिला होता कंपनीच्या तपासयंत्राने; माणसाची त्यावर फक्त सही होती. तपासयंत्राला शिकवलेलं असं, की पट्ट्याची नोंद कोरी असेल तर पट्टा अंगावर नव्हता. त्याने शून्यालाच कोरं धरलं होतं. बिरू झोरे यांनी नियम मोडून पट्टा काढला, म्हणून त्याच्या नोंदी ग्राह्य नाहीत, सबब ते शिडीच्या खालच्या टप्प्यावरून, सुमारे चार मीटरवरून, स्वतःच्या निष्काळजीपणाने घसरले. तेवढ्या उंचीपर्यंत दोर अडकवायची सक्ती नसते. म्हणून बिरूंच्या मनोऱ्यावरचा, पडणाऱ्याला आपोआप पकडणारा नवा सुरक्षादोर निर्दोष. त्यानंतर तो सगळ्या मनोऱ्यांवर बसवला होता. अजिंक्य येडगे रोज त्याच दोरावर सहा नंबरचा मनोरा चढत होता.

शाळा सुटल्यावर बाई ओवीबरोबर तिच्या घरी गेल्या. ओवीची आई, वनिता, अंगणात करडांना पाला घालत होती. तिने बसायला पोतं झटकून दिलं, ओवीला चहा टाकायला आत पाठवलं. बाईंनी आधी माफी मागितली, मग सगळं समजावून सांगायला सुरुवात केली. पट्टा, शून्य, वीस मीटर. वनिता ऐकत होती, पण हात पाल्यातून काढत नव्हती.

"बाई," ती मध्येच म्हणाली, "त्यांच्या अंगावर शेवटचं पाणी मी घातलं. पाठीला हात लावला होता मी. चार मीटरवरनं पडलेला माणूस तसा नसतो. मला गणित नको."

"मग तुम्ही हरकत का नाही घेतलीत?"

"पोरीसाठी." तिने आत बघितलं आणि आवाज खाली घेतला. "अहवालात लिहिलेलं, चार मीटर, डोक्याला मार, जागच्या जागी. मी तिला सांगितलं, पप्पाला काय कळलंच नाही. पाय घसरला आणि झोप लागली. त्याच्यावर ती जेवायला लागली, बाई. त्याच्यावर झोपायला लागली. ते चार मीटर मी दोन महिने धरून ठेवलेत."

बाईंच्या डोळ्यांपुढे फळा आला. आपण तेच चार मीटर आज फळ्यावर पुसून टाकले, तेही खालती दोन रेघा मारून. तरी त्यांना म्हणावंच लागलं, की तोच दोर बाकीच्यांनाही आहे. येडग्यांचा अजिंक्य आहे, त्याची दहा महिन्यांची मुलगी आहे.

"मला ठाऊक नाही होय?" वनिता म्हणाली. "सकाळी त्या पोरांची गाडी दारावरनं जाते. अजिंक्य हात करतो. गाडी यायच्या आत मी दार लावून घेते."

हरकत घ्यायचा हक्क एकट्या वारसाला होता, नव्वद दिवसांच्या आत. बासष्ट होऊन गेले होते. बाई आग्रह करू शकत होत्या, पण त्यांनी केला नाही.

ओवी चहाचे पेले घेऊन उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने पेले खाली ठेवले आणि आईजवळ जाऊन बसली.

"मला वर्गातच कळलं, आई," ती म्हणाली. "आता तू एकटीने नको धरूस."

वनिताने तिचं डोकं ओढून छातीशी घेतलं. ती रडली नाही. पाल्याने हिरवे झालेले हात मुलीच्या केसांना लागू नयेत म्हणून तिने ते लांब धरले होते, फक्त कोपरांनीच आवळलं होतं. मग म्हणाली, "लिही. मी सही करते."

अर्ज ओवीनेच लिहिला. बाईंनी मसुदा सांगायला घेतला होता, पण तिची वही आधीच उघडली होती आणि ती परीक्षेतल्यासारखं लिहीत गेली. दिलेले: सुरुवातीचा वेग शून्य, काळ दोन सेकंद. काढायचे: उंची. सूत्र, आकडे, उत्तर. त्याखाली एक ओळ तिने मनाने घातली: माझ्या वडिलांनी पट्टा काढला नव्हता. वनिताने प्रत्येक अक्षर सावकाश लिहीत सही केली, पेन परत दिलं आणि करडांकडे पाठ फिरवून पोरीच्या खांद्यावरून पाहत बसली.

"आलेख पण काढून जोडते," ओवी म्हणाली.

तिने पट्ट्याच्या पडद्यावर आलेख मोठा केला. शिडीच्या उसळ्या तिने पट्टीने नीट काढल्या. मग शून्याची रेघ आली, तेव्हा तिने तो आणखी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि तिची पेन्सिल थांबली. भिंतीवर जे सपाट दिसलं होतं ते सपाट नव्हतं. शून्यावर तीन बारीक उंचवटे होते, एकामागून एक, जवळजवळ सारख्या अंतरावर.

बाई वाकून पाहत होत्या. निर्जीव वस्तू पडताना असं करत नाही, हे त्यांना माहीत होतं. पट्टा मनगटावर होता. हात लांब झाला होता, पकडायला काही मिळालं नव्हतं, म्हणून पुन्हा लांब झाला होता. तीन वेळा. त्यांनी मान वर केली तर वनिता त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिला पडद्यावरचं काही वाचता येत नसलं तरी बाईंचा चेहरा वाचता येत होता. तिने अगदी थोडी, नकारार्थी मान हलवली.

ओवीने ते तिन्ही उंचवटे जसेच्या तसे कागदावर उतरवले, मग पेन्सिलीचं टोक पहिल्यावर टेकवलं.

"बाई, हे कशाचे?"