मला गाडी लागते

व्हॅन विकायची नाही. जाहिरात माझ्या लेकीनं दिली, मला न विचारता. पण तुम्ही एवढ्या लांबून आलात, तर बसा घटकाभर. का विकायची नाही ते ऐका आणि मग खुशाल मला वेड्यात काढा. लेकीनं कधीच काढलंय.

आमच्या ह्यांनी ही व्हॅन घेतली तेव्हा दारात उभी करून म्हणाले होते, "बघ, तुझी सवत आणली." सगळे हसले. मीही हसले, दात दिसतील एवढंच. मागे पलंग, छोटी शेगडी, खिडक्यांना पडदे. पडदे मीच शिवले. म्हणजे सवतीचा संसार मांडून द्यायलाही मीच!

दर वर्षी सुट्टी लागली की हे एकटेच निघायचे, घाट ओलांडून पलीकडच्या तळ्यापर्यंत. मला न्यायला तयार नव्हते असं नाही. पण मला गाडी लागते. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो, तेव्हा घाटातल्या एका वळणावर ह्यांच्या नव्याकोऱ्या शर्टाचं जे झालं, त्यानंतर तो विषयच संपला. मी दारातून हात हलवायची आणि आत येऊन भांडी आपटायची. परत यायचे तेव्हा चेहरा असा उजळलेला असायचा, की माझ्या पोटात दुखायचं. घरात मोजून मापून बोलणारा माणूस आंघोळ करताना शीळ घालायचा.

गेल्या हिवाळ्यात हे झोपेतच गेले. महिने उलटले, तरी व्हॅन अंगणात उभीच. येता-जाता डोळ्यांत खुपायची. शेवटी ठरवलं, ह्यांनी माझ्यावाचून जे काही पाहिलं ते सगळं मी बघून येणार.

लेक म्हणाली, "आई, एकटी? अगं, तुला बसमध्ये चढल्या चढल्या मळमळतं!"

"बसणाऱ्याला लागते गं गाडी, चालवणाऱ्याला नाही," मी म्हटलं.

ठोकून दिलं होतं, पण खरं निघालं. स्टिअरिंग हातात असलं की पोटातलं पाणीही हलत नव्हतं. काय सांगू तुम्हाला, कसला रस्ता होता! दोन्ही बाजूंना पिवळी शेतं, वर नुसतं आभाळ. एकदा टायर पंक्चर झालं आणि जॅक लावताना माझी कंबर धरली. एकदा व्हॅन मागे घेताना दिवा फोडला. पण सकाळी पडदा सरकवला की नवीनच गाव समोर असायचं. मी मोठमोठ्यानं गायले. आणि दर थोड्या वेळानं मनात यायचं, एवढं सुख ह्यांनी एकट्यानं खाल्लं. मेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. मी केला.

घाट सुरू झाला आणि पाठोपाठ तो आवाज. टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटवर बसलेल्यानं पट्टा लावला नाही की वाजतो ना, तो. सीट रिकामी होती. मी थांबले, गादी झटकली, थोपटली. आवाज थांबेना.

घाट उतरल्यावर पायथ्याशी गॅरेजवाल्याला दाखवलं. त्यानं सीटवर हात दाबून बघितला, सीटखाली वाकून तारा बघितल्या. "काकू, सगळं ठीक आहे. वजन पडलं तरच वाजते ही."

"पण वजन नाहीये."

त्यानं खांदे उडवले. "मग पट्टा लावून टाका नुसताच. गप्प होईल."

रिकाम्या सीटला पट्टा बांधला. आवाज गप्प झाला. मला मात्र गप्प राहवेना. माझ्या डोक्यात एकच, इथे कोण बसायचं? सीट मागे रेललेली, पाय लांब करून ऐसपैस बसावं तशी. खालच्या कप्प्यात केसांचा चाप सापडला. तळपायाची आग मस्तकात गेली. एकटेच जायचे म्हणे!

दिवस कलताना तळ्यावर पोचले. काठाला एक आवार आहे, तिथे अशा गाड्या मुक्कामाला लावतात. तिथली मालकीण पदराला हात पुसत लगबगीनं बाहेर आली.

"या, या बाई! यंदा उशीर केलात. आणि आज गाडी तुमच्या हातात? साहेब मागे झोपलेत वाटतं!"

"साहेब गेले," मी म्हटलं. "थंडीत."

तिनं माझा हात धरला. डोळे भरले होते तिचे, खोटं नाही बोलत. थोड्या वेळानं मी विचारलं, "तुम्ही मला... कुठे पाहिलंत?"

"असं काय करता? दर वर्षी येता ना दोघं. ह्याच झाडाखाली गाडी लावता. तुम्ही हसायला लागलात की माझी कुत्री भुंकायची."

"मी नव्हते ती."

"हनुवटीवर हाच तीळ. हाच आवाज. फक्त..."

"फक्त काय?"

"तेव्हा तुम्ही... जरा मोकळ्या होतात, बाई."

दुसरी कुणी असती ना, तर शोधून काढून झिंज्या उपटल्या असत्या. पण माझाच चेहरा घेऊन, माझ्याच नवऱ्याशेजारी पाय पसरून, मला कधी हसता आलं नाही तसं हसणारी... तिच्याशी कसं भांडायचं? तो चाप केसांना लावून बघितला. माझ्या केसांत तो घरच्यासारखा बसला.

तळ्यावरून धुकं सरकत आलं. ओल्या गवताचा वास, काचांवर वाफ. मी स्टिअरिंगपाशी बसून होते, किल्ली मुठीत. गाडी बंद. पट्टा बांधलेला. आणि तरीही सुरू झालं.

टिंग... टिंग...

"ऊठ," मी म्हटलं. "ती जागा माझी आहे."

उतरले, वळसा घालून शेजारचं दार उघडलं. पट्टा सोडवला, बसले, स्वतःला बांधून घेतलं. गादी उबदार होती.

आवाज थांबला.

मग स्टिअरिंगसमोरची गादी हळूहळू दबली. त्या बाजूचा पट्टा खट्ट झाला. दाढीच्या साबणाचा वास आला आणि मला ओळखीचं ते बारीक खाकरणं ऐकू आलं. मी घाबरले नाही हो. इतकं सुख मला आयुष्यात झालं नव्हतं. मी हात पुढे केला...

आणि मला मळमळायला लागलं.

गाडी उभी होती, किल्ली माझ्या मुठीत होती आणि पोटात एकेक वळण फिरत होतं. डावं, उजवं, पुन्हा डावं. मी दात आवळले. "थांबा ना जरा," म्हटलं. शेवटी तोंडावर हात दाबून पट्टा सोडवला, उतरले आणि गवतात वाकले.

मागे दार अलगद लागलं. पट्टा खट्ट झाला. कुणीतरी हसलं. आवारातली कुत्री भुंकायला लागली.

परत येताना वाटभर ती सीट एकदाही वाजली नाही. कशाला वाजेल? पट्टा लावलेलाच होता. तो मी पुन्हा लावला नव्हता.

तेव्हापासून मी घरातच आहे. व्हॅनही इथून हललेली नाही. लेकीनं हट्टानं बॅटरीसुद्धा काढून नेली. पण मधूनच, स्वयंपाक करताना, पलंगावर पडल्या पडल्या, मला गाडी लागते. डॉक्टर म्हणतात कानाचा दोष. मला मात्र पोटावरून रस्ता कळतो. नुसतं डुचमळलं की सपाट रस्ता. ढवळून आलं की घाट. तळं आलं की थांबतं आणि तेच मला जास्त सोसवत नाही, कारण तिथे ती दोघं उतरतात.

का विकत नाही विचारत होतात ना? विकली तर परत तुमच्या दारात येतील. निदान अजून माझ्या दारात येतात. एक ना एक दिवस तिला उतरताना गाठीन.

आत्ताच आली असतील. पोट शांत झालंय माझं. अहो, बोनेटवर हात नका ठेवू, भाजेल.