कुंभेवाडीचे तापमान

कुंभेवाडीच्या सड्यावर जीप थांबली आणि डॉ. विभावरी सोमण यांना आधी ऐकू आला तो पंपाचा आवाज. वास्तविक पंप चालू असण्याचे काहीच कारण नव्हते. जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करता येते का हे पाहण्यासाठी सरकारी अनुदानातून खणलेले ते दोन किलोमीटर खोल शोधविवर महिनाभर मुळीच हात न लावता ठेवायचे होते. समिती तासाभरात येणार होती, आणि ही तिसरी, म्हणजे शेवटची तपासणी होती.

नियम सोपा होता. तळाशी दीडशे अंश तापमान सिद्ध झाले तर वीजकेंद्राला मंजुरी. नाहीतर विवरात सिमेंट ओतून काम कायमचे बंद. वशिलेबाजीला कंटाळून सरकारने अनुदानाचे सगळे अधिकार निर्णययंत्राकडे दिले होते. हे यंत्र कोणाच्या ओळखीने वळत नसे आणि कोणाचे ऐकूनही घेत नसे. समितीच्या हजेरीत मोजलेला आकडा तेवढा ते मानी. विभावरीबाईंनी याआधीच्या दोन्ही तपासण्यांच्या पंधरा दिवस आधी स्वतः तापशोधक तळाशी सोडला होता, आणि दोन्ही वेळा एकशे बासष्ट अंश आले होते. समितीसमोर मात्र एकदा एक्क्याऐंशी आले, एकदा अठ्ठ्याहत्तर. अकरा वर्षे या खडकामागे घालवलेल्या बाईंकडे पुण्याच्या प्रयोगशाळेतले सहकारी आता जरा सांभाळूनच बघत.

त्या धावतच पंपाकडे गेल्या. साइटप्रमुख बाबाजी घवाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याची जाड नळी विवरात सोडून उभे होते.

"हे काय चाललंय, घवाळी?"

"सायेब येणार ना, म्हनून धुवून काढतोय," घवाळी म्हणाले. "दोन दिवस नदीचं पानी फिरवतोय आत. गाळ दिसला तर आपलीच लाज जाते, मॅडम."

मागच्या दोन्ही वेळीही असेच धुतले होते का, हे विचारायची खरे तर गरज नव्हती. तरी बाईंनी विचारले. घवाळींनी अभिमानाने मान डोलावली. कोणी सांगितले नव्हते, पण साहेब येणार म्हटल्यावर सांगावे कशाला लागते?

बाईंनी पुढे होऊन पंप बंद केला. रडावे की घवाळींना विवरात ढकलावे, हे त्यांना ठरवता येईना.

समितीचे प्रमुख मधुसूदन ओरपे सज्जन गृहस्थ होते, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला. आकडा शहात्तर आला तेव्हा त्यांनी खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. बाईंनी त्यांना समजावले, की खडक तव्यासारखा नसतो. त्याच्यातून उष्णता फार सावकाश वाहते. दोन दिवस थंड पाणी फिरवले की विवराभोवतीचा खडक निवतो, आणि दूरची उष्णता पुन्हा तिथवर पोहोचायला तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस द्या, बाकी काही नको.

"मला पटतंय हो, सोमणबाई," ओरपे म्हणाले. "पण 'धुतल्यामुळे थंड' असा रकाना यंत्रात नाही."

संध्याकाळपर्यंत प्रस्ताव नामंजूर झाला. दुसऱ्या दिवशी वीज तोडली, पंप उचलून नेला आणि विवराच्या तोंडाला सरकारी सील लागले. एका महिन्याने सिमेंट ओतायचे होते. बाईंनी आठ अर्ज केले. यंत्राने आठही अर्जांना तेच एक वाक्य उत्तर म्हणून पाठवले. यंत्राला निदान कंटाळा तरी यायला हवा होता, असे त्यांना वाटले.

महिन्याने सिमेंटची गाडी आली. बाईही आल्या, कारण मेलेल्या माणसाला पोचवायला जातात तसे जाणे भाग होते. सील काढल्यावर ओरपे यांनी कागद उलटला आणि म्हणाले की ओतण्याआधी एकदा तळाचे तापमान नोंदवावे लागेल. सिमेंट कोणत्या प्रतीचे वापरायचे हे त्यावरून ठरते. कोणालाही घाई नव्हती. तापशोधक खाली गेला.

एकशे चौसष्ट.

ओरपे यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. मग त्यांनी तो यंत्रात भरला, कारण भरणे भाग होते. महिनाभर कोणी धुतले नव्हते, धुवायला पंपच नव्हता, आणि आकडा समितीच्या हजेरीत मोजलेला होता. यंत्राने आधी कळवले की एवढ्या तापमानात साधे सिमेंट टिकत नाही, तापरोधी सिमेंट लागेल. मग कळवले की तापरोधी सिमेंट फक्त सिद्ध झालेल्या विवरांच्या अनुदानातून मिळते. त्यानंतर एक मिनिट काहीच आले नाही. शेवटी आले: शोधविवर सिद्ध. बंद करण्याचा आदेश रद्द. वीजकेंद्रास मंजुरी.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. अकरा वर्षे जे ओरडून सांगितले ते यंत्राने, त्यांचे तोंड बंद करता करता, कबूल केले होते. ओरपे यांनी त्यांचे अभिनंदन केले आणि मंजुरीची अट वाचून दाखवली. पंप व वीज आजच परत मिळेल. अंतिम पडताळणी नऊ दिवसांनी, भूमिपूजनाच्या वेळी, मंत्रिमहोदयांच्या हजेरीत होईल. स्थळ स्वच्छ ठेवावे.

"मंत्री येणार?" घवाळी म्हणाले आणि बाह्या वर सारू लागले.

संध्याकाळी पंप आला. त्याची किल्ली बाईंनी घवाळींच्या हातातून काढून घेतली, पर्समध्ये टाकली, आणि पुण्याला कळवले की नऊ दिवस आपण इथून हलणार नाही.